मोफत आणि मुक्त : विद्यार्थ्यांच्या डिजिटल कथेच्या साधनांचा इतिहास

'डिजिटल कथा' या संज्ञेने आज पडद्यावर वाचल्या किंवा पाहिल्या जाणाऱ्या कोणत्याही कथेचा बोध होत असला, तरी शिक्षणाच्या क्षेत्रात तिला एक नेमका अर्थ आहे. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली, स्वतःच्या आवाजात सांगितलेली आणि छायाचित्रे, रेखाटने, चलत्चित्रे किंवा संगीत यांची जोड देऊन संगणकावर बांधलेली छोटी कथा, असा तो अर्थ होय. चित्र पुढे धरून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला अनोळखी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पोथीतील एकेक पान श्रोत्यांपुढे धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. डिजिटल कथेचा उगम या परंपरेत नाही, तो अमेरिकेतील आहे. परंतु दोहोंना शेजारी ठेवले की एक भेद चटकन लक्षात येतो. चित्रकथ्याची पोथी त्याच्या घराण्याची असते. डिजिटल कथा सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे साधन मात्र बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि ते त्याच्या हाती कोणत्या अटीवर आले, यावर त्याची कथा किती काळ टिकेल हे अवलंबून असते.

ही अट समजून घेण्यासाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ही मोठी सोय आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने पैसे न देता मिळणारी आणि बंधन नसलेली अशा दोन्ही वस्तूंचा निर्देश होतो, त्यामुळे त्या भाषेत या भेदाचे स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा द्यावे लागते. मराठीत पहिली वस्तू 'मोफत' असते आणि दुसरी 'मुक्त'. मोफत साधनाची किंमत द्यावी लागत नाही, परंतु त्याची स्रोतसंहिता, म्हणजे ते साधन कसे चालावे हे सांगणाऱ्या मूळ लिखित सूचना, निर्मात्याकडेच राहते. मुक्त साधनाची स्रोतसंहिता सर्वांसमोर खुली असते आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेली प्रत इतरांना देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की केवळ मोफत असलेली साधने देणाऱ्याच्या धोरणाबरोबर आली आणि गेली, तर मुक्त साधने मूळ निर्माता बाजूला झाल्यावरही उरली. आणि मराठी विद्यार्थ्याच्या पदरात जे टिकाऊ असे पडले, ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारातून पडले.

शाळकरी मुलांना संगणकावर कथा रचता येईल असे पहिले प्रभावी मोफत साधन म्हणून १९८७ मध्ये आलेल्या हायपरकार्डचा उल्लेख करावा लागतो. बिल ॲटकिन्सन यांनी ते ॲपलसाठी तयार केले आणि प्रत्येक मॅकिंटॉश संगणकाबरोबर ते मोफत दिले जावे, अशी अट त्यांनी घातली होती. त्याची रचना पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखी होती : प्रत्येक पत्त्यावर चित्र, मजकूर आणि बटणे ठेवता येत, आणि बटण दाबताच वाचक दुसऱ्या पत्त्यावर जाई. त्यामुळे वाचकाच्या निवडीप्रमाणे वाट बदलणारी कथा लिहिणे प्रथमच सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले. पुढे हायपरकार्ड क्लॅरिस या ॲपलच्या उपकंपनीकडे गेले, तेव्हा तयार गठ्ठे उघडून पाहण्याची आवृत्ती मोफत राहिली आणि नवे गठ्ठे रचण्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागू लागली. वाचणे मोफत आणि लिहिणे विकत, हा बदल शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता, कारण त्याने रचणाऱ्या मुलाला पुन्हा पाहणारा केले. २००४ मध्ये हायपरकार्डची विक्रीही थांबली आणि त्यातील असंख्य गठ्ठे जुन्या यंत्रांबरोबर मागे पडले.

'डिजिटल स्टोरीटेलिंग' या नावाने ओळखली जाणारी चळवळ याच काळात कॅलिफोर्नियात आकार घेत होती. डेना ॲचली हे कलावंत 'नेक्स्ट एक्झिट' या प्रयोगात कौटुंबिक छायाचित्रे आणि जुन्या घरगुती फिती पडद्यावर दाखवत आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगत असत. १९९३ मध्ये लॉस एंजेलिस येथील अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सामान्य माणसांसाठी अशा कथा रचण्याची कार्यशाळा घेतली, आणि पुढच्याच वर्षी रंगभूमीवर काम केलेले जो लॅम्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक केंद्र उभे केले, जे पुढे 'सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग' म्हणून प्रसिद्ध झाले. या कार्यशाळेचा गाभा यंत्रात नव्हता. सहभागी मंडळी प्रथम गोलाकार बसून आपापला मसुदा वाचत, इतर जण ऐकून प्रतिसाद देत, आणि मसुदा आटोपशीर झाल्यावरच संगणकाकडे वळण्याची पद्धत होती. सांगणाऱ्याचा दृष्टिकोन, श्रोत्याला शेवटपर्यंत धरून ठेवणारा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, संगीत, काटकसर आणि लय अशी सात अंगे या केंद्राने मांडली, आणि जगभरच्या शिक्षकांनी ती आधाराला घेतली.

या रूपाला शाळेच्या तासिकेत बसेल असे माप मिळाले ते वेल्समध्ये. छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांनी कॅलिफोर्नियातील ही पद्धत शिकून बीबीसी आणि कार्डिफ विद्यापीठ यांच्या सहकार्याने २००१ मध्ये 'कॅप्चर वेल्स' हा प्रकल्प सुरू केला, जो २००८ पर्यंत चालला. सुमारे अडीचशे शब्द, डझनभर चित्रे आणि दोन मिनिटांच्या आसपासचा अवधी, असा त्यांचा दंडक होता. अडीचशे शब्दांत प्रसंग सांगायचा तर विशेषणे गळून पडतात आणि डझनभरच चित्रे वापरायची तर प्रत्येक चित्राला कथेत काम असावे लागते. लेखनाच्या शिक्षकाला जे वर्षभर समजावून सांगावे लागते, ते हे माप आपोआप शिकवते. अशा कार्यशाळा महागड्या संकलन-आज्ञावलींवर आणि यंत्रे पुरवणाऱ्या संस्थांवर अवलंबून होत्या. शाळेला मात्र खर्चाशिवाय चालेल असे काही हवे होते, आणि ती गरज भागवली संगणकाबरोबर मोफत येणाऱ्या साधनांनी. ॲपलने १९९९ मध्ये आयमूव्ही आणले, मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये विंडोजच्या मिलेनियम आवृत्तीबरोबर मूव्ही मेकर दिले. मूव्ही मेकरमध्ये चित्रे एका पट्टीवर ओढून ठेवायची, त्यांच्याखालच्या पट्टीवर निवेदन ठेवायचे आणि दोहोंची लांबी जुळवायची, इतके सोपे काम असल्यामुळे जगातील असंख्य शाळांत पहिली डिजिटल कथा त्यातच तयार झाली. १० जानेवारी २०१७ रोजी कंपनीने ते उतरवून घेण्याची सोय बंद केली. ज्या शिक्षकांनी आपला अभ्यासक्रम त्याच्यावर बेतला होता, त्यांना नवे साधन शोधावे लागले, कारण त्याची स्रोतसंहिता घेऊन ते चालू ठेवण्याचा हक्क कोणालाच नव्हता.

मुक्त साधनांची वाट याच्या कितीतरी आधी आखली गेली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना सिद्ध केला, ज्याची मुख्य अट अशी की मुक्त साधनात बदल करून ते इतरांना देणाऱ्याने आपले बदलही त्याच अटींवर मुक्त ठेवावेत. या परवान्याखाली आलेल्या साधनांपैकी डिजिटल कथेला सर्वांत उपयोगी पडलेली दोन साधने विद्यार्थ्यांच्याच हातून जन्मली, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. चित्रांवर संस्कार करणारे गिम्प १९९५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. तर ध्वनिमुद्रण व ध्वनिसंकलन करणारे ऑडॅसिटी कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी या विद्यार्थ्याने प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांच्याबरोबर उभारले आणि ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

ऑडॅसिटीने शाळेतल्या कथाकथनाला नेमके काय दिले, हे त्यातील एका सोयीवरून समजते. वर्गात मुद्रण करताना छताचा पंखा फिरत असतो आणि त्याची घरघर निवेदनाखाली सतत राहते. ती काढण्यासाठी विद्यार्थ्याने बोलण्यापूर्वी दोन-तीन सेकंद गप्प राहून केवळ पंख्याचाच आवाज मुद्रित होऊ द्यायचा. मग तेवढा तुकडा निवडून आज्ञावलीला 'हा गोंगाट ओळखून ठेव' अशी सूचना द्यायची आणि नंतर संपूर्ण मुद्रणातून त्या जातीचा आवाज कमी करायला सांगायचे. प्रमाणाबाहेर कमी केला तर मुलाचा स्वर पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून किती काढायचे याचा निर्णय कानाने करावा लागतो. ज्या कामासाठी पूर्वी ध्वनिमुद्रणगृह आणि तंत्रज्ञ लागत, ते काम सातवी-आठवीतील विद्यार्थी आपल्या कानाच्या भरवशावर करू लागला, आणि तेही आपल्याच बोलीत. कारण ध्वनिलहरीला लिपी लागत नाही, मालवणी असो की अहिराणी, ती पट्टीवर सारखीच उमटते.

मोफत साधन मुक्त कसे होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्लेंडर या त्रिमितीय सचेतपट तयार करणाऱ्या आज्ञावलीचे आहे. टॉन रोझेंडाल यांनी नेदरलँड्समध्ये घडवलेली ही आज्ञावली वितरित करणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मिळाल्यास स्रोतसंहिता मोकळी करण्याची तयारी दाखवली. वापरकर्त्यांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. एरवी कंपनीबरोबर संपणारे एक साधन त्याच्या वापरकर्त्यांनी मोल देऊन सोडवून घेतले, असा हा प्रसंग आहे. त्याच ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियातील चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट सचेतपटाचा ऑस्कर मिळाला, आणि शाळकरी मुलाच्या संगणकावर असलेले साधन जगातील उत्तम कामालाही पुरे पडते, हे त्याने सिद्ध केले.

साधन मुक्त झाले तरी कथेतील चित्रे आणि संगीत यांचा प्रश्न उरतो, कारण इतरांचे छायाचित्र किंवा गाणे विद्यार्थ्याने आपल्या कथेत घेतले, तर ते कोणाच्या तरी स्वामित्वहक्काखाली असते. या अडचणीवर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तोडगा काढला. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले, आणि त्यांच्या आधारे निर्माता 'माझे नाव द्या आणि वापरा' किंवा 'वापरा, पण आपली कृतीही याच अटीवर खुली ठेवा' असे आधीच सांगून ठेवू शकला. भारतातील तिची शाखा जानेवारी २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीत सुरू झाली. या परवान्यांचा शैक्षणिक परिणाम असा की, कथेच्या शेवटी चित्रकाराचे व संगीतकाराचे नाव लिहिण्याची सवय मुलांना लागली, आणि उसने घेणे व चोरणे यांतील फरक नियमाच्या भाषेत न सांगता कृतीतून कळू लागला.

या सर्व धाग्यांची वीण स्क्रॅचमध्ये एकत्र आली. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली होती. पॅपर्ट यांच्या विचारांचा वारसा घेऊन मिचेल रेझनिक आणि त्यांच्या एमआयटीमधील सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्क्रॅच जगासमोर ठेवले. त्यात सूचना टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून त्यांची माळ केली की पडद्यावरचे पात्र त्याप्रमाणे वागते. ससा आणि कासव यांचा संवाद रचणारे मूल प्रथम सशाला 'दोन सेकंद बोल' असा ठोकळा देते, आणि कासवाने मध्येच बोलू नये म्हणून त्याच्या माळेत 'दोन सेकंद थांब' असा ठोकळा घालते. संवाद वाढत गेला की ही बेरीज अवघड होत जाते. सशाच्या तोंडी एक वाक्य नव्याने घातले की पुढची सगळी वेळ चुकते. अशा वेळी मुलाला 'संदेश पाठव' आणि 'संदेश मिळाल्यावर' या ठोकळ्यांचा अर्थ उमगतो : ससा बोलणे संपवून संदेश देतो, कासव तो मिळाल्यावरच बोलू लागते, आणि सेकंद मोजण्याची गरज उरत नाही. रंगभूमीवरील नट ज्याप्रमाणे सहकलाकाराच्या शेवटच्या शब्दाची वाट पाहतो, तीच ही शिस्त आहे, आणि संगणकशास्त्रातील एक महत्त्वाची कल्पना मूल गोष्ट सांगता सांगता आत्मसात करते.

स्क्रॅचवर प्रसिद्ध केलेली प्रत्येक कथा दुसऱ्या मुलाला उघडून पाहता येते, तिच्यात फेरफार करून स्वतःची नवी कथा करता येते, आणि अशा वेळी मूळ कर्त्याचा उल्लेख आपोआप जोडला जातो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तत्त्व येथे रचनेतच मुरलेले आहे. २०१३ मध्ये आलेली स्क्रॅचची दुसरी आवृत्ती फ्लॅश या खासगी तंत्रावर उभी होती, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार कायमचा थांबला. फ्लॅशवर बांधलेली कितीतरी शैक्षणिक संकेतस्थळे त्या दिवसानंतर मुकी झाली. स्क्रॅच वाचले, कारण त्याच्या कर्त्यांनी जानेवारी २०१९ मध्येच ब्लॉकली या मुक्त संचाचा आधार घेऊन सर्व रचना नव्याने लिहून ठेवली होती आणि जुन्या कथा नव्या आवृत्तीत चालाव्यात याची काळजी घेतली होती. या उदाहरणातून एक सावध निष्कर्ष निघतो : मुक्त असणे पुरेसे नाही, मुक्त साधनालाही कोणीतरी राखणदार लागतो, परंतु राखणदाराला काम करता येण्याची शक्यता मुक्ततेमुळेच निर्माण होते.

मराठी विद्यार्थ्यापुढे मात्र या सर्वांच्या आधी आणखी एक अडथळा होता, तो अक्षरांचा. पुण्यातील सी-डॅक या संगणन-संस्थेने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले, आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक लिपी-मानकाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढील कित्येक वर्षे छपाईच्या आणि कार्यालयांच्या व्यवहारात असे फॉण्ट चालत राहिले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तोच फॉण्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. युनिकोड आल्यावरही संकट संपले नाही, कारण देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते पण आधी लिहिली जाते, आणि जोडाक्षरांत आकार एकमेकांत मिसळतात. ही जुळणी न येणाऱ्या आज्ञावलीत कथेचे शीर्षक टाकले की वेलांटी भलत्या जागी सरके आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत. ही जुळणी करणारे हार्फबझ हे मुक्त साधन, ज्याचे नाव फारसीतील 'अक्षर' आणि 'उघडे' या अर्थांच्या शब्दांवरून घडले आहे, आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांच्या पोटात काम करते. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त हे फॉण्टही याच परंपरेतील असून, मराठी कथेच्या शीर्षकाला सुबक वळण देण्यासाठी ते कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

अक्षरे जुळल्यावर साधने वर्गापर्यंत पोहोचवण्याचे काम उरले. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील सुरुवातीचा प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला; त्या लॅपटॉपमधील शुगर ही संपूर्ण मांडणी मुक्त होती आणि यंत्रात कॅमेरा व ध्वनिग्राहक दोन्ही असल्यामुळे चित्र, आवाज आणि लेखन एकाच ठिकाणी करता येत असे. अधिक व्यापक काम मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केले. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात गिम्प, इंकस्केप, ब्लेंडर यांसारखी मुक्त साधने शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे दृक्श्राव्य पाठ तयार होतात, आणि तेच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन बदलून दिले जातात. पडद्यावरची नावे इंग्रजीत राहतात, पण काय करायचे ते मराठी आवाज सांगतो, आणि विद्यार्थी एका बाजूला पाठ व दुसऱ्या बाजूला साधन उघडून थांबत थांबत शिकतो. शिक्षक नसलेल्या ठिकाणी शिकता यावे, हा हेतू ठेवून ही रचना केली आहे, हे तिच्या प्रत्येक तपशिलातून दिसते.

कथेच्याच क्षेत्रात या प्रकल्पाशी सर्वाधिक जवळचा प्रयत्न म्हणजे प्रथम बुक्स या २००४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ होय. त्यावरील पुस्तके व चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे मुलाला चित्रसंग्रहातून चित्रे निवडून स्वतःची गोष्ट रचता येते, आणि शिक्षकाला दुसऱ्या भाषेतील गोष्ट मराठीत किंवा मराठीच्या एखाद्या बोलीत आणताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मूळ लेखक-चित्रकारांची नावे तेवढी राखावी लागतात. एखादी गोष्ट कन्नडमधून मराठीत येते, तिथून बोलीत जाते, आणि प्रत्येक मुक्कामी नवा सांगणारा तिला मिळतो, ही लोककथेची जुनी चाल येथे परवान्याच्या आधाराने पुन्हा शक्य झाली आहे.

या इतिहासाचा अर्थ एवढाच नव्हे की मोफत साधने वाईट आणि मुक्त साधने चांगली. हायपरकार्डने आणि मूव्ही मेकरने कित्येक मुलांना पहिल्यांदा कथाकार केले, आणि ते ऋण मान्य केले पाहिजे. परंतु मोफत साधनापाशी विद्यार्थी पाहुणा असतो, तर मुक्त साधनात त्याचा वाटा असतो, आणि वाटा असल्यामुळे जबाबदारीही येते. ऑडॅसिटी एका विद्यार्थ्याने सुरू केले, ब्लेंडर वापरकर्त्यांच्या वर्गणीने सुटले, देवनागरीची वेलांटी जागेवर बसवण्याचे काम लोकांनी स्रोतसंहिता उघडून केले, आणि मराठी निवेदने कोणीतरी मुद्दाम बसून मुद्रित केली. त्या साधनांतील अनेक सूचना आजही मराठीत नाहीत, अनेक बोलींतील गोष्टी अजून कोणी पडद्यावर आणलेल्या नाहीत. ते करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही, हे या चाळीस वर्षांनी मिळवून दिले आहे. उरलेले काम मराठीत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांचे आहे, आणि ते एका वर्गातील एका दोन मिनिटांच्या कथेपासूनही सुरू होऊ शकते.